ओल्या हॉपची एल

पंधराव्या शतकातील एखाद्या लंडनकराला 'हॉप घातलेली एल' हा शब्दप्रयोग वदतोव्याघात वाटला असता. त्याच्या भाषेत एल म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, पाणी आणि किण्व यांचे पेय. त्यात हॉपची कडवट फुले पडली की ती 'बिअर' होई, आणि बिअर ही फ्लँडर्स-हॉलंडकडच्या परक्यांची चीज. या परक्या बिअरवाल्यांना त्रास देऊ नये असा हुकूम १४३६ साली लंडनच्या शेरीफांना काढावा लागला. पुढे शंभर वर्षांनीही, १५४२ मध्ये, अँड्र्यू बूर्ड हा वैद्य एल हे इंग्रजाचे स्वाभाविक पेय आणि बिअर डचांचे, असे बजावीतच होता. अखेरीस हॉप जिंकला, पण शब्द मात्र एलवाल्यांचा टिकला. आज पेल एलचा सारा डौल हॉपवरच उभा आहे. अर्थपरिवर्तनाचे उदाहरण म्हणून भाषाविज्ञानाच्या तासाला हे खुशाल द्यावे. विद्यार्थी निदान त्या दिवशी तरी जागे राहतील.

हॉपच्या मादीवेलीवर येणाऱ्या शंकूसारख्या फुलांत ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट भुकटी असते. कडवटपणा, गंध आणि टिकाऊपणा हे तिन्ही तिचेच गुण. हॉपमुळे पेय लवकर नासत नाही, हे बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्डने नोंदवून ठेवले आहे. गंमत अशी की, दुसऱ्याला टिकवणारे हे फूल स्वतः मात्र अल्पायुषी. तोडणीच्या वेळी त्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. ढीग घालून ठेवले की ते तापू लागते. म्हणून ते लगेच भट्टीवर वाळवायचे. केंट परगण्यातील निमुळत्या छपरांची 'ओस्ट' घरे याच कामासाठी उभी राहिली. ओल्या हॉपची एल ही वाळवणीची पायरीच गाळते. वेलीवरून उतरलेली फुले शक्यतो चोवीस तासांच्या आत कढईत पडतात, तीही वाळलेल्या फुलांच्या वजनाने पाच-सहापट. साहजिकच ती वर्षातून एकदा, सुगीतच होते. तिची जवळीक सांगायची तर हुरड्याशी सांगावी लागेल: शेताच्या बांधावर जी चव, ती बाजारात नाही.

आता हिंदुस्थानचा प्रश्न. 'इंडिया पेल एल' या नावामागची कथा सर्वश्रुत आहे. लंडनच्या हॉजसनने गरम समुद्रावरच्या प्रवासात टिकावी म्हणून भरपूर हॉप घालून ही एल शोधून काढली, असे सांगतात. कथा सुबक आहे, परंतु तिला पुरावा नाही. नव्या माल्टची, नव्या हॉपची, वर्ष-दीड वर्ष पिंपात मुरवायची 'ऑक्टोबर' एल इंग्लंडात आधीपासूनच होत होती. काळी पोर्टरही तोच प्रवास करून इथे पोचत होती, आणि गोरे शिपाई तीच पीत. हॉजसनचे भाग्य भूगोलाचे आणि उधारीचे. त्याची बो येथील भट्टी कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होती आणि कप्तानांना तो लांब मुदतीची उधारी देई. त्याने पुढे अटी आवळल्या, तेव्हा १८२२च्या सुमारास कंपनीच्या कँपबेल मार्जोरीबँक्सने बर्टनच्या सॅम्युएल ऑलसॉपला गाठले आणि बाजारपेठ बर्टनकडे सरकली. या नावातला 'इंडिया' म्हणजे कलकत्ता, मद्रास, मुंबई येथले मूठभर गोरे अधिकारी आणि व्यापारी. इथल्या जिभेचा तिथे काही संबंध नव्हता. आपल्याकडचे लोक हे नाव अभिमानाने उच्चारतात, तेव्हा मला थोडे अवघडल्यासारखे होते.

दुसरी गाळलेली बाजू तोडणाऱ्यांची. दर सप्टेंबरात लंडनच्या ईस्ट एंडमधली कुटुंबेच्या कुटुंबे केंटला हॉप तोडायला जात. तीच त्यांची सुट्टी, आणि तीच त्यांची मजुरी. १९३१ साली जॉर्ज ऑर्वेल त्यांच्यात जाऊन राबला. काट्याळ वेलीने फाटलेले आणि हॉपच्या रसाने काळे पडलेले हात त्याने टिपून ठेवले. 'अ क्लर्जीमन्स डॉटर' (१९३५) या कादंबरीत हाच अनुभव उतरला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर यंत्रे आली आणि ही यात्रा ओसरली. ओल्या हॉपच्या एलची आजची टूम त्यानंतरची, म्हणजे यंत्रयुगातली. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडाने १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील यकिमा खोऱ्यातून ताजी फुले मागवून ती केली, आणि मग अमेरिकेत तिची लाट आली. 'निसर्गाकडे परत' ही भाषा तिच्याभोवती असते खरी. पण ते परतणे वेगवान ट्रकांवाचून शक्य नव्हते.

सप्टेंबरअखेरीस सिएटलला भाच्याकडे असताना मी ती प्यायलो. पहिल्या घोटाला नुकत्याच कापलेल्या गवताचा वास, मग लिंबाची साल, थोडी राळ. कडवटपणा उशिरा आणि अपेक्षेपेक्षा मवाळ. वाळलेल्या हॉपच्या एलीत जी धार असते ती इथे नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर मला दुसरा पेला पहिल्याइतका आवडला नाही. तरीही एक बाटली पुण्याला मित्रांसाठी न्यावी असे मनात आले. भाच्याने बाटली उलटी करून भरल्याची तारीख दाखवली. नऊ दिवस झाले होते. "मामा, ती इथेच संपवा," तो म्हणाला, "तिथे पोचून तुम्ही सगळ्यांना बोलावेपर्यंत वास उडून जाईल."