फोटो आणि काच यांच्यामधली दीड मिलिमीटर जागा

आजचा विषय बहुतेक तुमच्या घरातच भिंतीवर टांगलेला आहे. आजोबांची किंवा आईबाबांच्या लग्नाची जुनी तसबीर असेल, तर जरा जवळ जाऊन बघा. फोटो कुठे काचेला चिकटलाय का? तिथे ओलसर, चकाकणारा डाग दिसतोय का? कडा तपकिरी झाल्यात का? आपण म्हणतो, 'जुना झाला, चालायचंच.' पण यातलं बरंचसं नुकसान फ्रेम कशी केली त्यामुळे होतं. आणि हे कोडं फोटोग्राफीइतकंच जुनं आहे.

१८३९ साली पॅरिसमध्ये लुई दागेरची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायचं. पण इतकं नाजूक, की नुसतं बोट फिरलं तरी पुसलं जाणार! उघडं ठेवलं तर चांदी काळवंडणार. म्हणून वर काच आली. काच चित्राला टेकली तर ओरखडे पडणार, म्हणून मधे पितळेची पातळ चौकट आली. मग हे सगळे थर कडेने कागदी पट्टी लावून बंद केले जायचे. आज फ्रेमवाला ज्याला 'माउंट' म्हणतो, त्याचं फोटोच्या दुनियेतलं पहिलं काम हेच होतं: काच आणि चित्र यांच्यात अंतर राखणं.

पुढे फोटो कागदावर आले, आणि नवीन डोकेदुखी सुरू झाली. प्रिंट उडायला लागले. १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने ते का उडतात हे शोधायला चक्क एक समिती नेमली. नीट न धुतल्यामुळे कागदात उरलेलं 'हायपो' हे रसायन आणि ओलावा, हे मोठे गुन्हेगार निघाले. लंडनमध्ये ओलावा त्रास देत असेल, तर आपल्या पावसाळ्याचं काय सांगावं! कारण मुंबईतही १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती.

त्या काळातले अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरचे फोटो, फार पातळ असायचे. सुटे ठेवले की गुंडाळी व्हायची. म्हणून ते खळीने पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव छापायचे. फोटो सपाट राहिला, जाहिरातही झाली. मात्र १९व्या शतकाच्या उत्तरार्धात चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्याचा कागद आणि पुठ्ठा स्वस्त झाला. त्यातल्या लिग्निनमुळे आणि आम्लामुळे पुठ्ठा स्वतः पिवळा, ठिसूळ होतो आणि सोबत फोटोही खराब करतो. सांभाळायला दिलेला आधारच घात करत होता! कागदातल्या आम्लाचा हा उपद्रव अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी २०व्या शतकाच्या मध्यात प्रयोग करून ठसठशीतपणे दाखवला. तोवर किती चेहरे तपकिरी होऊन गेले असतील, विचार करा.

बरं, मग काचेला फोटो चिकटतो तो का? २०व्या शतकातल्या बहुतेक प्रिंटवर, आणि आजच्या लॅबमधल्या रंगीत प्रिंटवरही, जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत जिलेटिन फुगून मऊ होतं आणि टेकलेल्या काचेला धरून बसतं. असा फोटो कधीही ओढून काढू नका, चेहऱ्यासकट थर निघून येतो. आधी काचेवरूनच नीट कॉपी काढून ठेवा आणि मग जाणकाराला दाखवा.

आता या पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवातून आपण घरी काय करायचं? समजा तुमच्याकडे ८ बाय १० इंचांचा प्रिंट आहे. ११ बाय १४ ची फ्रेम घ्या. माउंट बोर्ड आम्लरहित मागा, शक्यतो कापसाच्या लगद्याचा. तो साधारण दीड मिलिमीटर जाड असतो, आणि हेच ते अंतर. खिडकी पावणेआठ बाय पावणेदहा इंच कापा, म्हणजे प्रिंटची कड चारी बाजूंनी जेमतेम झाकली जाईल. कटर ४५ अंशांत तिरका धरला की त्या कापाची पांढरी कड सुबक दिसते. मागचा पुठ्ठाही आम्लरहितच हवा.

आणि सेलोटेप? अजिबात नको. त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. आजीच्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये फोटो कसे बसवलेले असायचे आठवतंय? कागदी कोपऱ्यांत! तेच कोपरे इथे वापरा. फोटोला गोंद लागत नाही आणि पावसाळ्यात कागद फुगला तर त्याला हलायला जागा मिळते. चारी बाजूंनी चिकटवलेला फोटो मात्र लाटांसारखा उठतो. शेवटी, फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावा. ओल येणाऱ्या भिंतीपासून फ्रेम लांब राहील, मागून हवा खेळेल. ऊन येणारी भिंत टाळा.

फोनमध्ये हजारो फोटो असले, तरी भिंतीवर जातात ते चार-पाचच. तेवढेच बहुधा पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर असतील. त्यांच्यासाठी दीड मिलिमीटर जागा सोडणं काही फार नाही. यंदा पावसाळ्याआधी घरातली एक तरी तसबीर उतरवून मागून बघाच. भेटूया पुढच्या भागात!