नॉम पेन्हमधला चित्रकलेचा तास

शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. ग्रेड विचारू नका. संकल्पचित्राच्या पेपरला ठरावीक फुलंपानं आखायची, रंग रेषेबाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि मागून सर आले की "डावी बाजू उजवीसारखी कुठे आहे?" हे ऐकून घ्यायचं, एवढंच आठवतं. "तुला काय काढायचंय?" असं कुणी विचारल्याचं मात्र आठवत नाही.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे कंबोडिया. तर झालं असं, की काही वर्षांपूर्वी अंगकोर बघायला गेलो होतो आणि परतताना दोन दिवस नॉम पेन्हला थांबलो. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाला लागून १७८ नंबरचा रस्ता आहे. त्यावर ओळीनं चित्रांची दुकानं. पहिल्या दुकानात अंगकोर वाटचा सूर्यास्त, बायोनचे हसरे चेहरे, अप्सरा, भातशेती. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच, फक्त सूर्य जरा डावीकडे. "हे तर शुद्ध कॉपी-पेस्ट!" असं म्हणून मी हसलो होतो. एक सूर्यास्त विकतही घेतला, तो भाग वेगळा.

मागच्या महिन्यात इंग्रिड मुआन या अमेरिकन अभ्यासक बाईंचा कोलंबिया विद्यापीठातला २००१ सालचा प्रबंध हाती लागला आणि त्या हसण्याची लाज वाटली. कारण त्या कॉपी-पेस्टला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बरोब्बर त्याच रस्त्यावर सुरू होतो.

संग्रहालयाची ती देखणी लाल इमारत उभी केली जॉर्ज ग्रोलिए या फ्रेंच माणसानं. जन्म नॉम पेन्हचाच, १८८७ चा. त्याच्या मते युरोपच्या नादी लागून ख्मेर कला मरायला टेकली होती. ती वाचवायला त्यानं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस संग्रहालयाला जोडून एक कलाशाळा काढली. शिकवायला स्थानिक कारागीर. नियम असा, की युरोपची लागण नको. पर्स्पेक्टिव्ह नको, समोर माणूस बसवून चित्र काढणं नको. मुलांनी 'क्बाच' गिरवायचे, म्हणजे कमळाची पाकळी, ज्वाळा, वेल असे पारंपरिक नक्षीचे आकार. तयार झालेल्या वस्तू पर्यटकांना विकायच्या. आता गंमत बघा. परक्यांची नक्कल थांबवायची म्हणून 'अस्सल कंबोडियन' काय हे ठरवलं एका परक्यानंच, आणि गिऱ्हाईकही परकंच! (आपल्याकडे जे. जे. मध्ये ग्रिफिथ्स साहेबांनी १८७० च्या दशकापासून विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या प्रतिकृती करून घेतल्या, ते आठवलं. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

समोरचं बघून चित्र काढायला तिथे शिकवलं ते १९४० च्या दशकाच्या शेवटी, सुझुकी नावाच्या एका जपानी शिक्षकानं. त्यातून चित्रकारांची पहिली आधुनिक पिढी तयार झाली. १९६५ मध्ये या शाळेचं रॉयल युनिव्हर्सिटी ऑफ फाइन आर्ट्स झालं. पाय जेमतेम रोवले जात होते, आणि १७ एप्रिल १९७५ उजाडला.

ख्मेर रूजच्या पावणेचार वर्षांबद्दल आपण सगळ्यांनी थोडंफार वाचलेलं असतं. शहरं रिकामी केली, पैसा, शाळा, बाजार बंद, पंधरा ते वीस लाख माणसं गेली. चित्रकारांचं काय झालं? एकाचंच सांगतो. वान नाथ हा बट्टंबांगचा, सिनेमाची पोस्टरं रंगवणारा. १९७८ च्या सुरुवातीला त्याला पकडून नॉम पेन्हच्या एस-२१ तुरुंगात आणलं. पूर्वीची शाळाच ती. तिथे त्याच्यासमोर एका अनोळखी माणसाचा फोटो ठेवला आणि सांगितलं, याचं मोठं चित्र काढ, हुबेहूब. तो माणूस म्हणजे पोल पॉट. मारायच्या माणसांच्या यादीत वान नाथच्या नावापुढे 'कामासाठी ठेवा' असा शेरा पडला. हजारो माणसं तिथे संपली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली, त्यात हा एक. हुबेहूब काढता येतं म्हणून जगलेला! सुटल्यावर त्यानं त्याच इमारतीत बसून आत जे पाहिलं-ऐकलं होतं ते रंगवलं. या वेळी समोर फोटो नव्हता. २०११ मध्ये तो गेला.

आमच्या धंद्यात एक प्रकार असतो. प्रोजेक्ट तुमच्या गळ्यात पडतं, कोड असतो, पण लिहिणारी माणसं कंपनी सोडून गेलेली. केटी द्यायला कुणी नाही. मग काय, चालतंय ना? हात लावू नका! जिथे कॉपी करायचं तिथे कॉपी करा. १९७९ नंतर कंबोडियाचं काहीसं असंच झालं, फरक एवढाच की ती माणसं नोकरी सोडून गेली नव्हती. कलाशाळा पुन्हा उघडली तेव्हा उरलेल्या मूठभर गुरूंनी जे हाताला आठवत होतं ते शिकवायला घेतलं. अशा वेळी गिरवणं हाच बॅकअप असतो. नृत्य वाचलं ते तसंच, म्हाताऱ्या नर्तकींच्या अंगात मुरलेल्या मुद्रांवरून. म्हणून १७८ नंबरच्या रस्त्यावर मी हसायला नको होतं.

पण बॅकअपमधून नवीन काही कसं निघणार?

पहिलं उत्तर देशाबाहेर सापडलं. थायलंडच्या सीमेवर 'साइट टू' नावाची निर्वासितांची प्रचंड छावणी होती. तिथे १९८६ पासून वेरोनिक देक्रॉप ही फ्रेंच बाई मुलांना चित्रकला शिकवायची. कुंपणाच्या आत जे काय दिसतं, आठवतं, छळतं ते काढा. त्यातल्या नऊ मुलांनी मोठं होऊन, मायदेशी परतून १९९४ मध्ये बट्टंबांगला 'फार पोनलू सेलपाक' ही शाळा काढली. या 'सेलपाक'ला दचकू नका, ते आपलं 'शिल्प'च आहे, संस्कृतातून तिकडे गेलेलं. त्या नवांपैकी एक स्वाय सारेथ. २०११ मध्ये यानं ८० किलोचा एक धातूचा गोळा कमरेला बांधून सिएम रीपपासून नॉम पेन्हपर्यंत, म्हणजे सुमारे २५० किलोमीटर, चालत ओढत नेला. याला चित्रकला म्हणायचं का? मीही आधी नाक मुरडलं होतं. पण छावणीत वाढलेला मुलगा ओझं ओढतोय म्हटल्यावर आणखी काय समजावून सांगायचं!

राजधानीत इंग्रिड मुआन आणि ली दारावुथ यांनी १९९८ मध्ये 'रेयुम' सुरू केलं, पुढे गरीब मुलांसाठी मोफत चित्रशाळाही. मुआन २००५ मध्ये अचानक गेल्या. मग २००७ मध्ये काही तरुण एकत्र आले आणि त्यांनी गटाला नाव दिलं 'स्तिएव सेलापाक', म्हणजे कलेतले बंडखोर. त्यांनी २०१० मध्ये 'सा सा आर्ट प्रोजेक्ट्स' उघडलं ते 'व्हाइट बिल्डिंग'मध्ये. १९६० च्या दशकात सामान्यांसाठी बांधलेली ही लांबलचक चाळच म्हणा ना. ख्मेर रूजनं तीही रिकामी केली होती. १९७९ नंतर वाचलेल्या नर्तकांना, वादकांना सरकारनं तिथेच खोल्या दिल्या. पुढे भिंती काळ्या पडल्या, बदनामी झाली, तरी एका खोलीत जुन्या नृत्याचे धडे आणि जिन्यापलीकडे पोरांच्या हातात कॅमेरे असं चालू होतं.

इथेच त्यांचे समकालीन कलेचे वर्ग सुरू झाले. शिकवणारे ख्वाय सामनांग, लिम सोकचानलीना, वूथ लिनो यांच्यासारखे स्वतः काम करणारे कलावंत. काही महिने शिकायचं, एकमेकांची कामं फाडून बघायची, आणि शेवटी प्रत्येकानं स्वतःचं नवं काम प्रदर्शनात मांडायचं. आपल्याला साधं वाटेल. पण जिथे मोठ्यांना प्रश्न विचारणं हा उद्धटपणा, आणि पंचाहत्तर ते एकोणऐंशीच्या काळात तर जिवाशी खेळ, तिथे विशीतल्या मुलाला किंवा मुलीला "तू काय बघतोस? तुला काय सांगायचंय?" असं विचारणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

शिक्षक स्वतः काय बघत होते? नॉम पेन्हमधलं बोएंग काक हे मोठं तळं २००७ मध्ये ९९ वर्षांच्या कराराने बिल्डरला दिलं गेलं आणि वाळू भरून बुजवलं. हजारो कुटुंबं उठली. २०११ मध्ये सामनांग शहरातल्या अशाच तळ्यांच्या पाण्यात उतरला आणि बादलीभर वाळू स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतली. त्याचे फोटो, व्हिडिओ हेच काम. भाषण नाही, पाटी नाही. हा माणूस त्याच कलाशाळेतून पेंटिंग शिकून बाहेर पडलेला, ग्रोलिएच्या! सोकचानलीना बांधकामांभोवतीच्या पत्र्यांचे फोटो काढत होता. पत्र्याआड काल काय होतं ते शहर कसं पटापट विसरतं, ते त्याच्या फोटोंत दिसतं.

आणि मग पत्रे त्यांच्याच दारात आले. २०१७ मध्ये रहिवाशांना मोबदला देऊन व्हाइट बिल्डिंग रिकामी केली आणि पाडली. सा सा दुसऱ्या जागेत गेलं आणि वर्ग तिथे पुन्हा सुरू झाले. २०२२ मध्ये जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या जंगी प्रदर्शनातही ही मंडळी होती. बट्टंबांगच्या नवांपैकी स्रेय बंदौल, ज्यानं कितीतरी मुलांच्या हातात पेन्सिल दिली, तो मात्र २०२१ मध्ये कोविडनं गेला.

व्हाइट बिल्डिंगमधल्या घराघरांत वास्तुदेवतेचं एक छोटंसं घर असायचं. आपल्या देव्हाऱ्यासारखंच, बहुतेक लाल-सोनेरी रंगाचं. रिकाम्या होणाऱ्या इमारतीत अशी बरीच घरं मागे राहिली. लिनोनं ती गोळा केली आणि २०१८ मध्ये एकावर एक, शेजारी शेजारी रचून त्यांची एक इमारत केली.