लहरींची चहाडी

१६ ऑगस्ट १९४२ रोजीं चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यांतील चिमूर येथें उठाव झाला. मागाहून शिपायांनीं घरांत शिरून केलेले अत्याचार वर्तमानपत्रांना छापतां येईनात. ती हकीकत मुंबईहून उषा मेहता व सहकाऱ्यांच्या गुप्त काँग्रेस रेडिओनें ऐकविली. परंतु वार्ता नेणारी लहर आपला ठावहि सांगे. पोलिसांच्या गाड्या तिची दिशा शोधीत फिरत. जागा वारंवार बदलूनहि, अखेर एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळें, १२ नोव्हेंबरला मंडळी पकडली गेली. तरी उषाबाई आपण होऊन बोलत होत्या! आज वाय-फायच्या लहरी माणसाच्या अंगावरून परततांना बदलतात. त्यावरून भिंतीपलीकडचा माणूस चालतो कीं निजला, हें प्रयोगांत ओळखतां आलें आहे. त्यासाठीं घरांत शिरावें लागत नाहीं. आंतल्यानें खिशांत यंत्र बाळगावें, हेंहि नको.