जेरंडच्या आधीचा शब्द

'आय स्पेंट टू अवर्स रीडिंग' म्हणायचे की 'आय स्पेंट टू अवर्स इन रीडिंग'? 'बिझी पॅकिंग' की 'बिझी इन पॅकिंग'? इंग्रजी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मराठी माणसाला ही शंका हमखास पडते. वर्गात तिचा निकाल 'हे बरोबर, ते चूक' असा एका दमात लागतो आणि मुले तो पाठ करतात. या शंकेमागे इंग्रजी व्याकरणाचे एक समृद्ध अभ्यासक्षेत्र आहे. नव्या वाचकाला त्यात निर्धास्तपणे शिरता यावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

क्रियापदाला 'इंग' लागून ते नामाचे काम करू लागले की त्याला जेरंड म्हणतात. प्रिपोझिशननंतर क्रियापद आणायचे झाले तर इंग्रजीत ते जवळजवळ नेहमी याच रूपात येते. 'शी इन्सिस्टेड ऑन पेइंग' यात 'ऑन' हवाच. तेच 'शी इन्सिस्टेड दॅट शी वुड पे' असे म्हटले की 'ऑन' गळून पडतो. प्रिपोझिशन मागणारा शब्द इथे 'इन्सिस्ट' आहे. 'पेइंग'कडे कितीही निरखून पाहिले तरी उत्तर सापडणार नाही. या क्षेत्राची किल्ली हीच: नजर जेरंडवर नको, त्याच्या आधीच्या शब्दावर हवी.

त्या दृष्टीने पाहिले की उदाहरणांचे तीन गट पडतात. 'इंटरेस्टेड इन', 'सक्सीड इन', 'अक्यूज्ड ऑफ' यांना प्रिपोझिशन लागतेच. 'एन्जॉय', 'अव्हॉइड', 'वर्थ' यांना ते चालतच नाही. तिसऱ्या गटात दोन्ही रूपे आढळतात: 'डिफिकल्टी फाइंडिंग' आणि 'डिफिकल्टी इन फाइंडिंग', 'नो पॉइंट आर्ग्युइंग' आणि 'नो पॉइंट इन आर्ग्युइंग'. अभ्यासकाची खरी कसोटी या तिसऱ्या गटात लागते.

'प्रिव्हेंट'चेच पाहा. 'प्रिव्हेंट हिम गोइंग' ही रचना ब्रिटिश इंग्रजीत रुळलेली आहे. अमेरिकन इंग्रजीत 'प्रिव्हेंट हिम फ्रॉम गोइंग' असेच बहुधा म्हणतात. कर्मणी प्रयोगात, म्हणजे 'ही वॉज प्रिव्हेंटेड' म्हटल्यावर, 'फ्रॉम' दोन्हीकडे लागतो. 'कीप'ची गोष्ट मात्र वेगळी. 'कीप हिम रनिंग' म्हणजे त्याला पळत ठेवा, आणि 'कीप हिम फ्रॉम रनिंग' म्हणजे त्याला पळू देऊ नका. एक 'फ्रॉम' आला आणि अर्थ उलटला. म्हणून 'प्रिपोझिशन गाळले तरी चालते' असा सरसकट नियम कोणी सांगितला तर तो मान्य करू नये.

हा गुंता समजायला इतिहासाची मोठी मदत होते. जुन्या इंग्रजीत 'उंग' किंवा 'इंग' प्रत्ययाने क्रियापदाचे नाम होई, तर 'एंडे' प्रत्ययाने विशेषणासारखे रूप होई. मध्ययुगीन इंग्रजीत ही दोन्ही रूपे 'इंग'मध्ये मिसळली. शिकारीला जाण्यासाठीचे 'ऑन हंटिंग' झिजून 'अ-हंटिंग' झाले आणि पुढे 'गो हंटिंग' एवढेच उरले. आज जिथे प्रिपोझिशन दिसत नाही, तिथे ते कधीच नव्हते असे समजू नये. 'स्पेंड'नंतरचा 'इन'ही जुन्या लेखनात सर्रास आढळतो. पुढे तो मागे पडला. 'वाचण्यात दोन तास घालवले' या आपल्या रचनेमुळे मराठी माणसाच्या इंग्रजीत तो सहज येतो. तो अशुद्ध नाही, पण आजच्या इंग्रजीत जुनाट आणि औपचारिक वाटतो. शिक्षकांनी वहीत लाल रेघ मारण्याऐवजी हे समजावून सांगावे.

या क्षेत्रातले ग्रंथही अगत्याने वाचण्याजोगे आहेत. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांचे इंग्रजीचे ऐतिहासिक व्याकरण 1909 ते 1949 या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाले. 1985मध्ये क्वर्क, ग्रीनबाउम, लीच आणि स्वार्टविक यांचे बृहद्‌व्याकरण आले. 2002च्या केंब्रिज व्याकरणात हडलस्टन आणि पुलम यांनी जेरंड आणि वर्तमानकालवाचक पार्टिसिपल हा भेदच बाजूला ठेवून दोघांना एकच नाव दिले. 'बिझी पॅकिंग'मधले 'पॅकिंग' नाम की विशेषण, हा वाद त्यांच्या मते निष्फळ आहे. यांच्या जोडीला आता संगणकीय भाषासंग्रह आहेत. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे 10 कोटी शब्द आहेत. कोणते रूप किती वेळा आणि कोणत्या प्रकारच्या लेखनात येते, हे तिथे घरबसल्या तपासता येते. मराठी वाचकाने मोरो केशव दामले यांच्या 1911च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'तला धातुसाधितांचा विचारही सोबत ठेवावा. आपल्या भाषेतली 'वाचणे', 'वाचण्यात', 'वाचून' ही रूपे कशी चालतात हे पक्के कळले, की इंग्रजीतला फरक नेमका डोळ्यांत भरतो.

वाचकांना एक विनंती. जेरंडच्या नियमांची यादी पाठ करू नका. रोजच्या इंग्रजी वाचनात जेरंड दिसले की त्याच्या आधीचा शब्द आणि मधले प्रिपोझिशन वहीत टिपून ठेवा. प्रिपोझिशन नसेल तर तेही लिहा. शंका आलीच तर कोशात त्या आधीच्या शब्दाची नोंद पाहा. 'लुक फॉरवर्ड टू'नंतर 'मीट' की 'मीटिंग' असे अडलात, तर त्या जागी साधे नाम घालून बघा. 'लुक फॉरवर्ड टू द पार्टी' चालते, म्हणजे तो 'टू' प्रिपोझिशन आहे आणि पुढे 'मीटिंग'च हवे. अशी वही काही महिने नेमाने भरा. नियम तुमचे तुम्हालाच दिसू लागतील.