दंडावरचा वण



आपल्या १९७६ च्या बॅचमधल्या बहुतेकांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. आपल्या नातवंडांच्या दंडावर तो नाही. आपण दहावीत असताना गावातल्या भिंतींवर 'देवीचा रोगी कळवा, १,००० रुपये मिळवा' अशी घोषणा रंगवलेली असे. आपल्यातले काही जण बक्षिसाच्या आशेने रविवारी वाड्यावस्त्यांवर रोगी शोधत फिरलेही होते! एकही सापडला नाही. तो का सापडला नाही, त्याची ही हकिकत.

मी पुढे तीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात साथीच्या रोगांचा विषय शिकवला. पहिल्या तासाला दरवर्षी विल्यम फेगी या साथरोगतज्ज्ञाची गोष्ट सांगत असे. जन्म १९३६, अमेरिकेतला. शाळकरी वयात काही महिने प्लास्टरमध्ये पडून असताना त्यांनी आफ्रिकेत दवाखाना चालवणाऱ्या अल्बर्ट श्वाइट्झर यांच्याविषयी वाचले आणि तिकडेच जायचे ठरवले. शिकत असताना सुट्टीत ते जंगलातले वणवे विझवण्याचे काम करत. १९६५ मध्ये हार्वर्डमधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन ते नायजेरियात गेले.

डिसेंबर १९६६ मध्ये तिथल्या ओगोजा भागात देवीची साथ आली. सरसकट सगळ्यांना टोचायचे हा तेव्हाचा शिरस्ता, पण तेवढी लसच नव्हती. फेगींनी मिशनऱ्यांच्या रेडिओवरून रोगी कुठे कुठे आहेत याची माहिती गोळा केली. मग रोगी असलेली गावे आणि तिथून रोग जिथे जाण्याचा संभव होता ती ठिकाणे, एवढ्यांनाच लस दिली. साथ थांबली. देवी फक्त माणसालाच होते, रोगी अंगावरच्या फोडांवरून ओळखता येतो आणि संसर्गानंतर लवकर दिलेली लसही उपयोगी पडते. म्हणून ही युक्ती चालली.

१९७३ मध्ये ते भारतात आले. घरोघर शोध सुरू झाला आणि दडलेले हजारो रोगी उजेडात आले. १९७४ या एका वर्षात देशात सुमारे १,८८,००० रोगी नोंदले गेले. बिहारची अवस्था सगळ्यात वाईट. आकडे चढताना पाहून राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी बैठकीत जाहीर केले, की ही पद्धत बंद, पुन्हा सरसकट लसीकरण. तेव्हा एक तरुण भारतीय डॉक्टर उठला आणि मंत्र्यांसमोरच बोलला. आमच्या गावात घराला आग लागली तर पाणी त्या जळत्या घरावर ओततात, सगळ्या गावावर नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. मंत्र्यांनी आणखी एक महिना दिला. त्या महिन्यात आकडे उतरू लागले.

भारतात आढळलेल्या शेवटच्या रोग्याची तारीख आहे २४ मे १९७५. म्हणजे आपली मंडळी शोधायला निघाली, तेव्हा देवी देशातून गेलेलीच होती.

फेगी पुढे अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेचे संचालक झाले, नंतर एमरी विद्यापीठात शिकवू लागले. २०११ साली त्यांनी या मोहिमेवर पुस्तक लिहिले आणि त्या डॉक्टरच्या उपमेवरून नाव दिले 'हाऊस ऑन फायर'.

माझ्यावरही एकदा अशी वेळ आली होती. एका साथीचे आकडे कागदावर कमी दाखवायचे ठरत होते. मी मागच्या खुर्चीत होतो. उठलो नाही. साथ आणखी काही आठवडे चालली. त्यानंतर वर्गात ही गोष्ट सांगताना मी फेगींपेक्षा त्या तरुण डॉक्टरविषयीच जास्त बोलू लागलो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी दोघे-तिघे पुढे अशा बैठकांत उठून बोलले, हे कानावर आले तेव्हा बरे वाटले.

मेळाव्याला याल तेव्हा एकमेकांच्या दंडावरचे वण जरूर पाहा. नातवंडांनी 'हे काय?' असे विचारले, तर त्यांना बिहारच्या त्या बैठकीची गोष्ट सांगा.