सत्राखेरचा अहवाल आणि पाबळचा कामाचा दिवस

कोणत्याही माध्यमिक विद्यालयाचा सत्राखेरचा अहवाल उघडून पाहिला असता त्यात एक ठरावीक क्रम आढळतो. आरंभी शालान्त परीक्षेचा निकाल व गुणानुक्रमे आलेल्या विद्यार्थ्यांची नावे, त्यानंतर शिष्यवृत्तीचे मानकरी, चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा, मग क्रीडास्पर्धा, वक्तृत्व, हस्तलिखिताचे प्रकाशन, सहल आणि स्नेहसंमेलन. अगदी शेवटी ‘इतर उपक्रम’ या मथळ्याखाली श्रमदान, वृक्षारोपण व कार्यानुभवाचे प्रदर्शन यांची एका ओळीत बोळवण केलेली असते. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या शैक्षणिक वाटचालीचा विचार करताना या शेवटच्या ओळीचा इतिहास मात्र पहिल्या पानावरील निकालाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष देण्याजोगा ठरतो. कारण हाताने केलेले काम हेही शिक्षणच आहे, ही गोष्ट ज्या गावाने शाळेच्या वेळापत्रकात प्रत्यक्ष उतरवून दाखविली, ते पाबळ याच शिरूर तालुक्यात आहे.

शाळेचे वर्ष दोन सत्रांचे. जूनमध्ये सुरू झालेले पहिले सत्र दिवाळीच्या सुटीपाशी संपते, आणि दुसरे उन्हाळ्याच्या सुटीपाशी. वार्षिक निकालासाठी १ मे हा महाराष्ट्र दिन अनेक वर्षे रूढ झाला. जैन कुटुंबांतील मुलांच्या दृष्टीने पाहिले तर पहिले सत्र आणि चातुर्मास जवळजवळ हातात हात घालून चालत. आषाढात साधु-साध्वींचे आगमन होई, पर्युषणात शाळा सांभाळून उपवास-एकाशने होत, आणि कार्तिकी पौर्णिमेस विहार होईपर्यंत सहामाही परीक्षा आटोपून गेलेली असे. १९३६ साली पाथर्डी येथे आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने धार्मिक परीक्षा बोर्डाची स्थापना झाली. तेव्हापासून शाळेच्या परीक्षेबरोबर धार्मिक परीक्षेचीही तयारी करण्याचा प्रघात स्थानकवासी घरांत पडला. परीक्षांची या समाजास कधी उणीव नव्हती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

राज्य माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले आणि मार्च १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. अकरावीची जुनी एस.एस.सी. इतिहासजमा झाली, परंतु निकालाचे माहात्म्य मात्र वाढतच गेले. शाळेची प्रतिष्ठा शेकडा निकालाशी जोडली गेली. दहावीच्या वर्गाचे दुसरे सत्र म्हणजे सराव परीक्षा आणि जादा तास एवढेच उरले, आणि ‘इतर उपक्रम’ आठवी-नववीच्या वाट्याला आले.

वास्तविक, शाळेत हाताला काम देण्याची कल्पना या परिसराला नवी नव्हती. शिरूर, म्हणजेच घोडनदी, ही एकेकाळची इंग्रजांची लष्करी छावणी. छावणीपाठोपाठ व्यापार वाढला, मारवाडी-गुजराती पेढ्या आल्या, आणि अमेरिकन मराठी मिशनचे ठाणेही पडले. या मिशनचे रेव्हरंड रिचर्ड विन्सर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरूर येथे औद्योगिक शाळा चालविली. तेथे मुलांना अक्षरओळखीबरोबरच सुतारकाम आणि घायपाताच्या तंतूचे काम शिकविले जाई. घायपात हे माळरानावर, कमी पाण्यावर येणारे झाड. गावाच्या कोरड्या हवामानाला साजेसा उद्योग निवडण्याची ही दृष्टी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मिशनच्या धर्मप्रचाराविषयी मतभेद असणे स्वाभाविक आहे, तथापि शाळेच्या आवारात कामाचे हत्यार आणणारी शाळा म्हणून तिची नोंद घ्यावीच लागते.

विसाव्या शतकात हाच विचार दोन वेगळ्या वाटांनी पुढे आला. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व वसतिगृहांच्या रोजच्या जीवनात उतरविले. मुले शेतात राबत, स्वयंपाक करीत, भिंती उभारीत आणि त्याच हातांनी पाटी धरीत. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीमची मांडणी केली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा तयार केला. मुंबई प्रांतात मूलोद्योगी शाळा सुरू झाल्या, टकळी व कताई वर्गात आली. परंतु सूत कातण्याचा तास हळूहळू उरकून टाकण्याचा तास झाला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा पुरस्कार केला, १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे भारदस्त नाव दिले. नाव बदलले तरी बहुतेक शाळांत चित्र एकच राहिले. क्रेप कागदाची फुले, खडू, पाकिटे, क्वचित बाजारातून विकत आणून सादर केलेली ‘वस्तू’, आणि शेवटी श्रेणीच्या रकान्यात सर्वांना सारखेच ‘अ’.

याच काळात शाळेच्या भिंतीबाहेर नेमके उलटे घडत होते. दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होते त्याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. शिरूर तालुक्यातील न्हावरे येथील घोडगंगा आणि दौंड तालुक्यातील पाटस येथील भीमा या सहकारी कारखान्यांच्या परिसरात बीड-नगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरत. त्यांच्याबरोबर आलेली मुले उसाच्या मोळ्या बांधीत, धाकट्या भावंडांना सांभाळीत आणि त्यांच्या स्वतःच्या गावच्या शाळेत दुसऱ्या सत्राच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा पडत राहत. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या त्या नव्वदच्या दशकापासून. कोणत्याही सत्राखेरच्या अहवालात या मुलांचा उल्लेख सापडत नाही. ज्यांच्याजवळ कामाचा अनुभव होता त्यांना शाळा मिळत नव्हती, आणि शाळेत असणाऱ्यांना कार्यानुभव कागदाच्या फुलांतून मिळत होता!

पाबळ म्हटले की जैन समाजास प्रथम पद्ममणी तीर्थ व तेथील पद्मप्रभस्वामींचे मंदिर आठवते. इतिहासाच्या अभ्यासकास मस्तानीची कबर आठवते. पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवरील हे गाव अवर्षणप्रवण पट्ट्यातले, बागायतीच्या दौंडपेक्षा फार निराळे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी आपल्या प्रयोगासाठी हे गाव निवडले ते त्याच्या या सामान्यपणामुळेच. अनुकूल गावात यशस्वी झालेला प्रयोग इतरत्र रुजेलच असे नाही, परंतु कोरडवाहू गावात जे साधेल ते कोठेही साधेल, असा त्यामागील विचार होता. डॉ. कलबाग यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळविली होती आणि पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात उच्च पदावर काम केले होते. निवृत्तीनंतर मुंबईत स्वस्थ न बसता त्यांनी पत्नी मीराताईंसह पाबळ गाठले आणि १९८३ साली पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला.

आश्रमाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम शाळा सुटलेल्या मुलांसाठी होता. पण त्याच विचारातून माध्यमिक शाळेसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा कार्यक्रम आकारास आला, आणि सत्राखेरच्या अहवालातील ‘इतर उपक्रम’ प्रथमच त्या मथळ्याबाहेर पडले. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस कामासाठी द्यावयाचा. काम चार विभागांत विभागलेले: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. मुलगा असो वा मुलगी, चारही विभाग प्रत्येकास आळीपाळीने करावे लागत. मुलींनी वेल्डिंगचा मुखवटा चढवावा आणि मुलांनी चुलीपाशी बसून चिक्की करावी, ही गोष्ट ऐंशीच्या दशकातील खेड्यात सहज पचनी पडणारी नव्हती.

शिकविणारे निदेशक शक्यतो गावातलेच. वेल्डिंग येणारा, वायरिंग जाणणारा, शेतीत मुरलेला माणूस शाळेत ‘सर’ झाला. दुसरी गोष्ट अशी की काम खरे असे. शाळेला टाकी हवी असेल तर मुले जाळी आणि सिमेंट वापरून फेरोसिमेंटची टाकी बांधीत. कोणाच्या घरी विजेची जोडणी करावयाची असेल तर मुले निदेशकासह जात. मातीचे परीक्षण, लोखंडी सामानाची दुरुस्ती, कोंबड्यांचे संगोपन, ग्रामस्थांच्या रक्तातील हिमोग्लोबिनची व रक्तगटाची तपासणी अशी सेवा गावाला मिळे, आणि योग्य तो मोबदला शाळेला. प्रत्येक कामाची नोंदवही ठेवावी लागे. तीत आकृती, लागलेले साहित्य, मजुरी, वीज आणि हत्यारांची झीज धरून काढलेला खर्च लिहावा लागे. व्यापारी घरातील मुलास खतावणी ओळखीची असते. येथे शेतकऱ्याच्या मुलालाही आपल्या श्रमाची किंमत आकड्यांत मांडावी लागली.

या पद्धतीत पाठ्यपुस्तक बाजूला पडते, असा आक्षेप घेतला जाई. प्रत्यक्षात उलट अनुभव येतो. पायाची आखणी करताना एका बाजूवर तीन, दुसऱ्या बाजूवर चार आणि कर्णावर पाच फूट मोजले की कोपरा काटकोनात येतो, हे गवंड्याला ठाऊक असते. भूमितीच्या तासाला पायथागोरसचा सिद्धांत पाठ करणाऱ्या मुलाला ते ठाऊक असतेच असे नाही. ओळंबा, पाण्याची नळी लावून साधलेली समपातळी, विजेच्या भारानुसार निवडलेली तार, या प्रत्येकात शास्त्राचे एकेक प्रकरण दडलेले आहे. आश्रमाने विकसित केलेला त्रिकोणी चौकटींचा ‘पाबळ डोम’ हा तर भूमितीचाच धडा होय. कमी साहित्यात उभी राहणारी ही घरे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर परिसरातही बांधली गेली.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्य मंडळाने या अभ्यासक्रमास पूर्व-व्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. ही घटना वरवर कारकुनी वाटते, पण तिचे महत्त्व मोठे आहे. कामाला गुण मिळू लागले, प्रात्यक्षिक परीक्षा होऊ लागली, आणि लेखी परीक्षेत मागे पडणाऱ्या मुलाचे नाव निकालपत्रात पुढे येण्याची एक वाट निर्माण झाली. जैन परंपरेत भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहाही कर्मे शिकविल्याचे आदिपुराण सांगते. त्यांतील मसि आणि वाणिज्य या दोहोंना आजवर शाळेत मानाचे पान मिळाले. कृषि आणि शिल्प वर्गाच्या दाराशीच थांबलेली होती, हे मान्य करावयास हरकत नसावी.

अर्थात पाबळचा मार्ग सरळ नव्हता. हत्यारे, कच्चा माल आणि निदेशकांचे मानधन यांचा खर्च कोणत्याही शाळेच्या नित्याच्या अनुदानात सहज बसणारा नसतो. अनेक पालकांची भावनाही अशी की आपण मातीत राबलो, मुलाने तरी टेबलाशी बसावे. ही भावना चुकीची ठरविणे सोपे आहे, परंतु अवर्षणात होरपळलेल्या घराने ती बाळगावी यात नवल नाही. काळाने मात्र वेगळीच कलाटणी दिली. नव्वदच्या दशकात रांजणगाव गणपती परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि जोडणी, वेल्डिंग, विद्युत दुरुस्ती जाणणाऱ्या हातांची गरज तालुक्यातच निर्माण झाली. दौंडला ही जाणीव पूर्वीपासून होती. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यापासून तेथील कित्येक घरांची चूल रेल्वेच्या पाना-हातोड्यावर पेटलेली आहे.

२००२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या सहकार्याने पाबळ येथे ‘फॅब लॅब’ सुरू झाली. संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडविणाऱ्या अशा प्रयोगशाळांपैकी ती जगातील अगदी आरंभीची. त्याच वर्षी डॉ. कलबाग यांना ग्रामीण विकासासाठी विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उपयोगाबद्दलचा जमनालाल बजाज पुरस्कार लाभला, आणि पुढच्याच वर्षी, ३० जुलै २००३ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात हा अभ्यासक्रम राज्यातील व राज्याबाहेरील अनेक शाळांपर्यंत पोहोचला, आणि बहुकौशल्य हा विषय राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातही आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची शिफारस केली आहे. पाबळच्या शाळेतील मुले त्याआधी तीस वर्षांहून अधिक काळ आठवड्यातील एक दिवस तेच करीत आली होती.