दावणीवरचा हात

सांगोल्याच्या पशुधनाचा इतिहास म्हटले की खिलार बैल आणि जनावरांचा बाजार एवढेच पुढे येते. माणदेशातल्या या कोरडवाहू मुलखात ओढकामाला काटक खिलारच हवा होता. वळूची पारख आणि बाजारातला सौदा पुरुषांकडे, म्हणून श्रेयही त्यांच्याच नावे जमा झाले. पण खिलार गाय दुधाला बेताची. वासराला पाजून घरासाठी फारसे उरत नसे. गरिबाघरच्या लेकरांना आधार होता तो शेळीच्या दुधाचा आणि कोंबडीच्या अंड्यांचा, आणि हा कारभार बाईचा. जनावराचे आणि घराचे आरोग्य तिने एकाच हाताने सांभाळले, हे मान्य केल्याशिवाय इथला इतिहास पुरा होत नाही.

यावर आक्षेप येईल की जात सुधारते ती पैदाशीने, शेण काढून आणि वैरण टाकून नव्हे. पण उत्तम वळूचे वासरू जगले नाही तर पैदाशीचा उपयोग काय? वेळेवर चीक पाजणे, माज ओळखणे, जनावराने चारा टाकला की दुखणे हेरणे, ही कामे गोठ्यात राबणारीच करते. शेळ्यांत तर निवडही तिचीच: जुळी देणाऱ्या दुधाळ शेळीची पाठ राखायची, बोकड विकायचा. 1972च्या किंवा 2012-13च्या दुष्काळात दावण टिकली, त्यामागेही वैरण-पाण्यासाठीची तिची पायपीट होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संकरित गाई आल्या, दूध वाढले. पण ते डेअरीला गेले, बाईचे कष्ट वाढले आणि बिल खातेदार पुरुषाच्या हाती पडले. हे खरेच आहे. त्यावरून एवढेच सिद्ध होते की दूध वाढले म्हणून घर आपोआप सुदृढ होत नाही; पैसा आणि निर्णय कोणाकडे, यावर ते ठरते. शिवाय शेळी गाभडली तर वार उचलणारी तीच, आणि त्यातून माणसाला जडणाऱ्या ब्रुसेलोसिस या रोगाचा धोकाही तिलाच. शेजारच्या माण तालुक्यात, म्हसवडला, 1997मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली; पुढे माणदेशी फाउंडेशनने स्त्रियांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे शिक्षण दिले. बाईला हे शास्त्र पेलणार नाही, हा समज तिथेच मोडला. सांगोल्यातही लसीकरणाची माहिती, पशुवैद्यकाचा सल्ला आणि दुधाचे खाते आधी गोठ्यात राबणाऱ्या बाईकडे गेले पाहिजे.